निकाल सांगताना समोर कोण होते तेही सांगा : हॉकी इंडियाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
हॉकी इंडिया

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात शाळकरी मुलींना हॉकी शिकवते. याच जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. त्यामुळे राष्ट्रीय महिला संघाचा प्रत्येक निकाल आमच्याकडे घरचा समजून वाचला जातो. २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगच्या, म्हणजे आघाडीच्या देशांच्या साखळी स्पर्धेच्या, युरोपातल्या टप्प्यात आपल्या मुलींना एकही सामना जिंकता आला नाही. सोळा सामन्यांत दहा गुण, नऊ संघांत शेवटचा क्रमांक आणि तिथून नेशन्स कपमध्ये, म्हणजे त्याखालच्या पातळीच्या स्पर्धेत, घसरण. त्या दिवसांत मैदानावर येणारे पालक मला विचारत होते, "बाई, पोरींनी हॉकीच्या मागं लागावं का अजून?" सप्टेंबरमध्ये हांगझोच्या आशिया चषकात आपण थायलंडला ११-० आणि सिंगापूरला १२-० असे हरवले, तेव्हा तेच पालक खुशीत होते. पुढच्याच आठवड्यात अंतिम सामन्यात चीनने आपल्याला ४-१ हरवले आणि जूनमधला प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आला.

कोणताही संघ एका उन्हाळ्यात इतका बिघडत नाही आणि त्याच पावसाळ्यात इतका सुधारतही नाही. मुली बहुतेक त्याच होत्या, समोरचे संघ बदलले होते. ही गोष्ट आपण लोकांना निकालाच्या जोडीनेच आकड्यांत सांगावी, आणि संघाचा, प्रशिक्षकाचा, खेळाडूचा हिशेब मांडताना स्वतःही आधी तीच पाहावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी दोन स्पर्धा शेजारी-शेजारी ठेवते. पहिली, २०२१ मध्ये झालेले टोकियो ऑलिंपिक. आपल्या महिला संघाने तिथे आठ सामने खेळले, तीन जिंकले, पाच हरले. नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४ अशी सुरुवात होती. मग आयर्लंडवर १-०, दक्षिण आफ्रिकेवर ४-३, आणि गटातले पाचही सामने जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियावर उपांत्यपूर्व फेरीत १-०. शेवटी अर्जेंटिनाकडून १-२ आणि कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनकडून ३-४. नुसते विजय-पराभव मोजले तर ही कामगिरी पडेल संघाची दिसते. पण तो संघ जगात चौथा आला आणि देशभर मुलींच्या हातात स्टिक आली. माझ्या आजच्या मुलींपैकी निम्म्या तरी त्या ऑगस्टनंतर मैदानावर आल्या आहेत.

दुसरी, २०२३ चा भुवनेश्वर-राउरकेला इथला पुरुषांचा विश्वचषक. स्पेनवर २-०, इंग्लंडशी ०-०, वेल्सवर ४-२, न्यूझीलंडशी ३-३, जपानवर ८-०, दक्षिण आफ्रिकेवर ५-२. साठ मिनिटांच्या खेळात आपण त्या स्पर्धेत एकदाही हरलो नाही. बावीस गोल केले, सात खाल्ले. तरीही क्रमांक नववा, तोही अर्जेंटिनाबरोबर वाटून, कारण न्यूझीलंडने बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये ५-४ अशी बाजी मारली आणि आपण उपांत्यपूर्व फेरीच्या दारातच अडकलो.

गटात पहिला न आलेल्यांना खेळावी लागणारी ती क्रॉसओव्हरची लढत आपल्या वाट्याला का आली? इंग्लंडचे आणि आपले गुण सारखेच होते, प्रत्येकी सात. विजयही सारखेच, दोन-दोन. फरक पडला तो गोलफरकात. इंग्लंडने वेल्सला ५-० आणि स्पेनला ४-० हरवले होते. वेल्सविरुद्ध उतरताना आपल्याला आठ गोलांच्या फरकाने जिंकायचे होते, आणि ते आपल्याला माहीत होते. म्हणजे गटातल्या दुबळ्या संघांना कोणी किती गोल मारले, यावर गटातला पहिला क्रमांक ठरला. इंग्लंड आणि भारत समोरासमोर आले तेव्हा तर कुणीच गोल केला नव्हता.

एका संघाने पाच सामने हरून चौथा क्रमांक मिळवला, दुसरा साठ मिनिटांत एकदाही न हरता नववा आला. या दोन ओळी वाचूनही ज्याला वाटते की विजयांची टक्केवारी पुरेशी आहे, त्याला मी आणखी काय सांगू?

टोकियोतल्या चौथ्या क्रमांकाला एक जुनी जोडही आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्येही आपला महिला संघ चौथा आला होता. तिथे पाच सामन्यांत दोन विजय, एक बरोबरी, दोन पराभव होते. विजयांचे प्रमाण टोकियोपेक्षा बरे दिसते. पण बहिष्कारामुळे तिथे अवघे सहा संघ उरले होते आणि आयत्या वेळी बोलावलेला झिम्बाब्वेचा संघ सुवर्णपदक घेऊन गेला. १९८० च्या मुलींना मी कमी लेखत नाही. त्यांच्यापुढे जे संघ आले त्यांच्याशी त्या खेळल्या, दुसरे संघ कुठून आणणार होत्या? मात्र 'चौथा क्रमांक' हे दोन शब्द दोन्हीकडे सारखे लिहिले, म्हणून दोन्हींचा अर्थ सारखा होत नाही.

आता पुरुष संघाच्या २०२५ कडे येते, कारण त्या एका वर्षात सगळे आहे. फेब्रुवारीत प्रो लीगचा टप्पा भुवनेश्वरला झाला. स्पेन, जर्मनी, आयर्लंड आणि इंग्लंड यांच्याशी प्रत्येकी दोन, असे आठ सामने. आपण पाच जिंकले. जूनमध्ये युरोपात नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम यांच्याशी पुन्हा आठ सामने झाले. त्यांतले पहिले सात आपण ओळीने हरलो आणि शेवटच्या सामन्यात बेल्जियमला ४-३ हरवले. नऊ संघांत आठवा क्रमांक आला. लोकांनी काय म्हटले ते आपण ऐकलेच असेल. घरच्या मैदानावर वाघ, बाहेर शेळी, असे मला आमच्या गावच्या पारावरही ऐकवले गेले.

या सोळा सामन्यांत मैदान बदलले तसे प्रतिस्पर्धीही बदलले. भुवनेश्वरला आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्यापैकी एकाशीही युरोपात खेळलो नाही. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर निकाल मैदानामुळे बदलला की प्रतिस्पर्ध्यामुळे, हे त्या आकड्यांतून कळूच शकत नाही. त्यातही अर्जेंटिनाशी आपण नेदरलँड्समधल्या अॅमस्टलव्हेनला खेळलो आणि ऑस्ट्रेलियाशी बेल्जियममधल्या अँटवर्पला. ती मैदाने त्यांचीही घरची नव्हती. म्हणजे आठांपैकी चार सामने तटस्थ मैदानावरचे होते. त्या चारांचे निकाल ३-४, १-२, २-३, २-३. चारही हरलो, चारही एका गोलाने. आणि ते झाले ११, १२, १४ आणि १५ जूनला : पाच दिवसांत चार सामने, मधल्या एका दिवसात एका देशातून दुसऱ्या देशात प्रवास. नेदरलँड्सविरुद्धही १-२ आणि २-३. ओळीने हरलेल्या सातांपैकी सहा सामने एका गोलाने गेले, फक्त बेल्जियमने पहिल्या सामन्यात आपल्याला ६-३ असे स्पष्ट हरवले. हे सगळे 'सात पराभव' या दोन शब्दांत कुठे दिसते?

सप्टेंबरमध्ये राजगीरला आपण आशिया चषक जिंकला, अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ हरवले आणि विश्वचषकाचे तिकीट मिळवले. सात सामने, सहा विजय, एक बरोबरी. जूनचा अंधार सरला असे सगळ्यांना वाटले. मलाही आनंद झाला, आणि तो आनंद खराच होता, कारण तिकीट मिळवायचे होते आणि ते मिळवले. पण जूनच्या पराभवांकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने या विजयांकडेही पाहिले पाहिजे. पहिल्या सामन्यात चीनला आपण ४-३ हरवले. दुसऱ्यात जपानला ३-२. पुढे कोरियाशी २-२ अशी बरोबरी. जूनमध्ये नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका गोलाने हरणारा संघ ऑगस्टअखेर क्रमवारीत आपल्यापेक्षा बऱ्याच खाली असलेल्या चीनविरुद्ध एकाच गोलाने जिंकत होता. आधीचे 'अपयश' होते त्याहून मोठे वाटले आणि नंतरचे 'यश' होते त्याहून मोठे वाटले, दोन्ही एकाच कारणाने. एका आठवड्यानंतर त्याच चीनला आपण ७-० हरवले, हेही तितकेच खरे आणि तेही हिशेबात धरायला हवे.

त्या स्पर्धेतला १५-० हा निकाल कझाकस्तानविरुद्धचा. हा संघ मुळात स्पर्धेत नव्हताच, ओमानने माघार घेतली म्हणून तो आला. पाकिस्तानही आला नाही, त्याच्या जागी बांगलादेश खेळला. राजगीरला आपण एकूण ३९ गोल केले असे लिहिले की आघाडीची फळी फार धारदार वाटते. कझाकस्तानचा सामना बाजूला ठेवला की सहा सामन्यांत २४ गोल उरतात. तेही उत्तमच आहेत, पण ते वेगळे चित्र आहे. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत पुरुष संघाने सात सामन्यांत ६८ गोल केले होते. त्यांतले ४४ उझबेकिस्तान, सिंगापूर आणि बांगलादेश या तीन संघांविरुद्धचे. जपानशी दोनदा, पाकिस्तान आणि कोरियाशी एकेकदा झालेल्या चार सामन्यांत मिळून उरले २४. पेनल्टी कॉर्नरवर कोण किती यशस्वी, कोणत्या फॉरवर्डचे किती गोल, असे तक्ते आपल्याकडे कौतुकाने फिरतात. त्यांत हे ४४ वेगळे काढल्याशिवाय कोणाचे काय मोजायचे?

हा भेद नवा नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत तीनच संघ होते. आपण जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ हरवले, दोन सामन्यांत सुवर्णपदक मिळाले, आणि दोन्ही सामने हरलेल्या अमेरिकेला कांस्य. ध्यानचंदांचे मोठेपण त्या २४ गोलांवर उभे नाही. १९२८ ला अॅमस्टरडॅममध्ये पाच सामन्यांत एकही गोल न खाता सुवर्ण, १९३६ ला बर्लिनमध्ये अंतिम सामन्यात खुद्द जर्मनीला ८-१, यांवर ते उभे आहे. चाहत्यांना हे कळते. त्यांना पूर्ण आकडे दिले तर ते नीट वाचतात, यावर माझा विश्वास आहे.

समोरचा संघ किती तगडा हे मोजायचे कसे, असे आपण विचाराल. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २०२० पासून क्रमवारीची पद्धत बदलली. आधी स्पर्धेतल्या क्रमांकावरून गुण मिळत. आता प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन संघांत गुणांची देवाणघेवाण होते, एकाला मिळाले तेवढेच दुसऱ्याचे कमी. आपल्यापेक्षा वरच्याला हरवले तर जास्त, खालच्याला हरवले तर थोडे, आणि सामना किती महत्त्वाचा त्यावरही अवलंबून. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे वजन क्रमवारीत आधीच धरलेले आहे. ते आकडे आपल्यापाशी आहेतच. पण लोकांसमोर येताना ते 'भारत अमुक क्रमांकावर घसरला' एवढ्या एका वाक्यात येतात, कोणत्या सामन्यात किती गुण आले-गेले हे मागेच राहते.

दुसरीकडे पाहायचे तर अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आइस हॉकीत अनेक वर्षे एक निर्देशांक वापरला गेला. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांना २५ टक्के, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना २१ टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५४ टक्के वजन होते. तिथे कॉलेजे बरीच, सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत, म्हणून हा खटाटोप. त्यात एक अडचण अशी आली की फारच दुबळ्या संघाला हरवले तर जिंकूनही निर्देशांक खाली जायचा. मग असा विजय हिशेबातून वगळण्याचा नियम केला गेला. मला त्यातले वजनाचे आकडे आपल्यावर लादायचे नाहीत, आपला खेळ वेगळा आणि संघही मोजकेच. पण तिथल्या लोकांनी मान्य केले की नुसता विजय-पराभवांचा तक्ता निवडीसाठी पुरत नाही, आणि पद्धतीत खोट दिसली तेव्हा ती उघडपणे दुरुस्त केली. आपणही तेवढे करू शकतो.

इथे मला माझ्याच म्हणण्याला एक मर्यादा घालावी लागते, आणि त्यासाठी रांचीला जावे लागते. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रांचीला महिलांची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी झाली. आपण सातही सामने जिंकलो. जपानला साखळीत २-१ आणि अंतिम सामन्यात ४-० हरवले. दोन महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, त्याच मैदानावर ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती. अमेरिकेकडून ०-१ हरलो, न्यूझीलंडला ३-१ आणि इटलीला ५-१ हरवले, उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२ अशी बरोबरी करून शूटआउटमध्ये हरलो. मग तिसऱ्या जागेच्या सामन्यात जपानने आपल्याला १-० हरवले आणि पॅरिसचे दार बंद झाले. पुढच्या महिन्यात मुख्य प्रशिक्षक यानेके शॉपमन यांनी पद सोडले.

मैदान तेच, प्रेक्षक तेच, जपानही तोच. तरी ४-० चे ०-१ झाले. इथे 'समोरचे संघ तगडे होते' हे उत्तर निम्मेच लागू पडते. अमेरिका आणि जर्मनी चॅम्पियन्स ट्रॉफीत नव्हते, जपान होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे नाव बघून सगळे उलगडत नाही. पणाला काय लागले आहे, समोरचा संघ कोणत्या तयारीने आला आहे, आदल्या सामन्यात शूटआउटपर्यंत ताणलेले पाय किती थकले आहेत, हेही त्यात येते. आणि एका सामन्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. सात विजयांनी आपल्याला जे आश्वासन दिल्यासारखे वाटले ते त्या विजयांत नव्हतेच. त्या सात सामन्यांत ऑलिंपिक पात्रतेच्या तोडीचे प्रतिस्पर्धी किती, हे नोव्हेंबरमध्येच मांडले असते, तर जानेवारीत देशाला इतका धक्का बसला नसता आणि त्या मुलींवर इतकी टीकाही झाली नसती.

कार्यक्रम कठीण होता, या सबबीचा मला धाक वाटतो. मी प्रशिक्षक आहे, ही सबब किती गोड असते ते मला ठाऊक आहे. जूनचे सहा सामने एका गोलाने हरलो यातून संघ जवळपास बरोबरीचा होता एवढे कळते. पण सहाही वेळा तो एक गोल समोरच्यांच्याच बाजूला पडला, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत आपण काय करतो, पेनल्टी कॉर्नर अडवताना कुठे चुकतो, हे विचारलेच पाहिजे. कठीण कार्यक्रमाने पराभव पुसला जात नाही. उलट तगड्या संघाविरुद्धच्या सामन्यातूनच खरी माहिती मिळते. थायलंडविरुद्ध आपल्या बचावाची परीक्षाच होत नाही, मग बचाव चांगला की वाईट हे कळणार कसे? २०२५ च्या त्याच वाईट मोसमात आपल्या महिला संघाने भुवनेश्वरला जर्मनीला १-० हरवले, आणि ऑलिंपिक विजेत्या नेदरलँड्सशी २-२ अशी बरोबरी करून शूटआउट जिंकले. मला आशिया चषकात थायलंड आणि सिंगापूरला मारलेल्या त्या २३ गोलांपेक्षा या दोन सामन्यांची चित्रफीत माझ्या मुलींना दाखवावीशी वाटते. पण त्या मोसमाचे नाव काढले की लोकांना फक्त 'घसरण' आठवते.

आता आमच्या पातळीवरचे बोलते, कारण हा प्रश्न भुवनेश्वर आणि अँटवर्पपुरता नाही. शालेय स्पर्धांची भाग्यपत्रिका निघते तेव्हा कुणाला पुढे चाल मिळते, कुणाची पहिलीच गाठ जिल्ह्यातल्या सर्वांत पक्क्या शाळेशी पडते. बाद पद्धत असल्याने एक हार म्हणजे घरी. ज्या शाळेने दोन नवख्या संघांना आठ-आठ गोल मारून अंतिम फेरी गाठली, तिच्या मुली निवड करणाऱ्यांच्या नजरेत भरतात. ज्या शाळेने पहिल्याच सामन्यात विजेत्या संघाला १-० पर्यंत रोखले, तिची गोलरक्षक दुपारच्या एसटीने गावी परतलेली असते. असे मी पाहिले आहे, एकदा नाही. कुणाचा हेतू वाईट असतो असे नाही. निवड समितीपुढे कागद येतो त्यावर शाळेचे नाव, फेरी आणि गोल एवढेच असतात, आणि कागदावर असते तेच बोलते. अशा मुलींना दुसऱ्या वर्षी मैदानावर परत आणायला किती समजूत घालावी लागते, हे गावातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला विचारा.

वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत आपण २०२५ पासून अ, ब, क असे तीन विभाग केले, चढ-उताराची सोय ठेवली. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटला. एकतर्फी सामन्यांत दोन्ही संघांचे नुकसान होते, जिंकणाऱ्याचेही. आता तुल्यबळ संघ एकमेकांशी खेळतील. पण त्यातूनच नवी जबाबदारी येते. ब विभागात सर्वाधिक गोल करणारी मुलगी आणि अ विभागात बचाव फळीत झुंजून चार सामने हरलेली मुलगी, या दोघींची तुलना आता आकड्यांवरून करताच येणार नाही. शिबिरासाठी नावे काढताना निवडकर्त्यांना दोन्ही विभागांचे सामने प्रत्यक्ष पाहावे लागतील, आणि खालच्या विभागातली चांगली खेळाडू 'तिथे काय, कुणीही खेळेल' म्हणून डावलली जाणार नाही हेही बघावे लागेल. कार्यक्रम सोपा होता हा शिक्का मुलीवर बसता कामा नये. तिने राज्य निवडले नव्हते आणि विभागही निवडला नव्हता.

आपल्याकडून मला हवे आहे ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक मालिकेनंतर आणि मोसमाच्या शेवटी संघाची कामगिरी जाहीर करताना ती प्रतिस्पर्ध्यांनुसार फोडून द्या : क्रमवारीतल्या पहिल्या आठ संघांविरुद्ध किती सामने, किती विजय, किती गोल केले आणि खाल्ले. नववा ते सोळावा क्रमांक वेगळा, त्याखालचे वेगळे. सामना घरी, बाहेर की तटस्थ मैदानावर, आणि आधीच्या सामन्यानंतर किती दिवसांची विश्रांती, एवढे दोन रकाने त्याला जोडा. क्रमवारी सामन्याच्या दिवशीची धरा, मोसम संपल्यानंतरची नको. नाहीतर आपण ज्याला हरवले तो घसरला म्हणून आपलाच विजय लहान दिसायला लागतो. क्रमवारी फसवी ठरते अशा वेळाही येतात, ऑलिंपिकनंतर बरेच संघ नवे चेहरे घेऊन येतात आणि नाव मोठे असले तरी संघ कोवळा असतो. म्हणून प्रतिस्पर्धी संघातल्या किती खेळाडूंनी आधीचे ऑलिंपिक खेळले होते, तेही एका आकड्यात देता येईल. गोलांच्या तक्त्यातही हीच विभागणी करा. पुरुष संघाच्या हरमनप्रीत सिंगसारख्या खेळाडूला तिची भीती नाही. त्याने पॅरिसला ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल केले आहेत आणि त्या सामन्यात आपण १९७२ नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवले, ३-२. असा गोल आणि १५-० मधला बारावा गोल एकाच रकान्यात मिसळणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

प्रशिक्षकांशी करार करताना, त्यांना मुदतवाढ देताना किंवा निरोप देताना हाच फोडलेला तक्ता समोर ठेवा. प्रशिक्षकाला विजयांच्या टक्केवारीवर तोलले जाते हे त्याला कळले, की तो सोपे दौरे मागू लागेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. मला भीती आहे ती याचीच. तगड्या संघांशी सराव मालिका ठरवायला माणसे कचरू लागली तर दहा वर्षांनी आपला तक्ता सुंदर असेल आणि संघ दुबळा.

राज्य आणि जिल्हा संघटनांना एक परिपत्रक काढून कळवा की निवड चाचणीच्या कागदावर शाळेने कोणाशी सामना खेळला आणि तो संघ पुढे कुठवर गेला, हेही लिहायचे. पहिल्या फेरीत विजेत्या किंवा उपविजेत्या संघाकडून हरलेल्या शाळेच्या दोन-तीन मुलींना तरी चाचणीला बोलवायचे. एवढ्याने आमच्या तालुक्यांतून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या मुलींची संख्या वाढेल, याची मला खात्री आहे.

आणि महिला संघाबद्दल शेवटची विनंती. प्रो लीगमधून बाहेर पडल्यावर नेशन्स कपच्या वाटेने परत वर चढावे लागते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये व्हॅलेन्सियाला अंतिम सामन्यात स्पेनला १-० हरवून आपण एकदा असेच वर गेलो होतो. त्या वाटेवर समोरचे संघ प्रो लीगइतके कठीण नसतात, त्यामुळे विजय वाढलेले दिसतील. तेव्हा संघ सावरला असे लगेच जाहीर करू नका, आणि तिथे एखादा सामना गेला तर मुलींना मोडीतही काढू नका. नेशन्स कपच्या सामन्यांबरोबरच नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम, चीन यांच्याशी वर्षाला निदान आठ-दहा मैत्रीपूर्ण सामने ठरवा, त्यांचे निकाल वाईट आले तरी प्रसिद्ध करा, आणि वर सांगितला तसा पहिला फोडलेला तक्ता महिला संघाचाच काढा. तो आला की मी छापून शाळेच्या भिंतीवर लावीन आणि पालकांच्या सभेत ओळ न् ओळ समजावून सांगेन.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक हॉकी प्रशिक्षिका